बुजविलेल्या विहिरी पुन्हां उकरणें

शास्त्रपाठ : उत्पत्ति, अध्याय २६, वचनें १२ ते ३३.



इसहाकाच्या चरित्रांत मोठे पराक्रम आढळत नाहींत. त्याच्या बापानें परमेश्वराच्या एका शब्दासरशीं आपला देश सोडिला. त्याचा पुत्र याकोब रात्रभर झोंबला व पहाटे लंगडत निघाला. परंतु इसहाकाचें जें काम ह्या अध्यायांत विस्तारानें लिहून ठेविलें आहे, तें केवळ विहिरी उकरण्याचें होय. अब्राहामाच्या चाकरांनीं खणलेल्या विहिरी पलिष्टी लोकांनीं मत्सरानें माती लोटून बुजविल्या होत्या. इसहाक गरार खोऱ्यांत वस्तीस गेला, तेव्हां त्यानें त्याच विहिरी पुन्हां उकरल्या, आणि बापानें त्यांस जीं नांवें दिलीं होतीं, तींच त्यांस पुन्हां दिलीं.

आज ह्या पाठाचें मनन करितांना आपण पालघर जिल्ह्यांतील वसई तालुक्याकडे दृष्टि लावूं. कारण पूर्वजांचें पाणी बुजविणें व तें पुन्हां उकरणें, हीं दोन्हीं कामें तेथें आपल्या डोळ्यांदेखत चाललीं आहेत. आणि तें पाणी बुजविणारे कोणी पलिष्टी नव्हते, ही गोष्ट आपणां सर्वांस विचार करावयास लावील.

बावखल म्हणजे काय

देशावर राहणाऱ्या वाचकांस प्रथम त्या भूमीची ओळख करून दिली पाहिजे. मुंबईच्या उत्तरेस, वसईच्या खाडीपलीकडे हा मुलूख लागतो. दक्षिणेस उल्हास नदीची खाडी, उत्तरेस वैतरणेची खाडी, पश्चिमेस अरबी समुद्र आणि पूर्वेस तुंगारेश्वराचा डोंगर. म्हणजे तीन बाजूंनीं खारें पाणी. पाऊस वर्षास सरासरी दोन हजार मिलिमीटरांच्या आसपास पडतो. अहिल्यानगरकडील पावसाच्या तो तिपटीहून अधिक आहे. परंतु तो चार महिन्यांत पडून जातो, आणि राहिलेले आठ महिने आकाश कोरडें असतें. अशा ठिकाणीं गिरीज, भुईगांव, निर्मळ, वाघोली, नंदाखाल, आगाशी ह्या पश्चिम पट्टीच्या गांवांत केळीच्या बागा, पानवेली, भाजीपाला व फुलें हीं पिढ्यान् पिढ्या पिकत आलीं. वसईचीं सुकेळीं तर सर्वत्र नांवाजलेलीं आहेत.

हें कशाच्या बळावर झालें? त्याचें एक मोठें कारण बावखल. बावखल म्हणजे वाडीमध्यें खणलेलें गोड्या पाण्याचें तळें. त्यास विहिरीसारखें दगडी बांधकाम नसतें. कांठ उतरते, मातीचे व झाडाझुडपांनीं धरलेले असतात. पावसाचें पाणी वाड्यांतून वाहत येऊन त्यांत सांचतें आणि त्याच्या तळांतून हळूहळू भूमींत मुरतें. पूर्वीं त्याच्या कांठीं राहाट चाले, व पाटानें पाणी झाडांच्या मुळाशीं जाई. एक बावखल बहुधा एकाच घराचें नसे. त्यांत अनेक घरांचा वांटा असे. म्हणून तें पाणी जसें बागेचें जीवन होतें, तसेंच तें शेजारधर्माचेंही बंधन होतें.

परंतु त्याचें मोठें काम डोळ्यांस दिसत नाहीं. समुद्राचें पाणी गोड्या पाण्याहून जड असतें; म्हणून समुद्रकांठच्या भूमीखालीं गोडें पाणी हें खाऱ्या पाण्यावर तरंगत राहतें. हॉलंड व जर्मनी येथील दोन अभियंत्यांनीं सुमारें सव्वाशें वर्षांपूर्वीं ह्याचें प्रमाण मांडिलें. भूमींतील गोडें पाणी समुद्राच्या पातळीहून एक हात उंच असेल, तर त्या पातळीखालीं सुमारें चाळीस हात खोलीपर्यंत गोडें पाणी सांपडतें. आतां हाच हिशेब उलट करून पाहा. वरचें पाणी एक हात खालीं गेलें, तर खालचें खारें पाणी चाळीस हात वर सरकूं पाहतें! बावखल पावसाचें पाणी भूमींत मुरवून ती एक हाताची उंची राखीत असे. ज्यांनीं तें खणलें, त्यांस हा हिशेब ठाऊक नसेल. परंतु खारें पाणी दूर राखण्याचा मार्ग त्यांस अनुभवानें सांपडला होता.

चारी ऋतूंचे पाहुणे

बावखल मनुष्यांनीं खणलें, परंतु त्यांत राहणाऱ्यांस कोणी बोलावणें पाठविलें नव्हतें. पहिला पाऊस पडतांच मोठे बेडूक बाहेर येतात. नर हळदीसारखे पिवळे होतात व रात्रभर त्यांची हांक चालते. चातक पक्षी आफ्रिकेकडून पावसाच्या आगेमागें येऊन पोंचतो. कांठच्या ताडांवर सुगरण नर पाण्यावर झुलणारीं घरटीं विणूं लागतात. पाऊस सरतां सरतां पिवळसर चतुरांचे थवेच्या थवे उडूं लागतात. मालदीव बेटांत काम करणारे चार्ल्स अँडरसन ह्यांनीं २००९ मध्यें असा निष्कर्ष मांडिला कीं, पावसानें भरलेल्या पाण्यांत जन्मलेले हे इवलेसे जीव वाऱ्यावर स्वार होऊन समुद्र ओलांडितात व पूर्व आफ्रिकेच्या किनाऱ्यास लागतात. ज्यास आपण घाणेरडें डबकें म्हणतों, तें कित्येकांस परदेशगमनाचें बंदर असतें!

हिंवाळ्यांत धोबी पक्षी शेंपटी हालवीत ओल्या कांठावर फिरूं लागतो, तुतवारही येतो. उन्हाळ्यांत आसपासचे ओहोळ आटले म्हणजे बावखल हेंच शेवटचें पाणी उरतें. मग ढोकरी कांठाशीं तासन् तास निश्चल उभी राहते, खंड्या फांदीवरून सूर मारितो, पाणकोंबडी पिल्लांस घेऊन झुडपांत शिरते. तळाच्या चिखलांत मरळ व कांसव पुढच्या पावसाची वाट पाहत राहतात. बिनविषारी दिवड तेवढी लोकांच्या भीतीनें विनाकारण मारली जाते.

चिमणी भूमीवर पडली तरी पित्याच्या नजरेआड पडत नाहीं, असें आपल्या प्रभूनें शिकविलें. तर मग ज्या पाण्याच्या आश्रयास ढोकरी व कांसव राहतात, तें पाणी त्याच्या नजरेआड आहे काय?

कोणीं बुजविलें?

इसहाकाच्या विहिरी शत्रूंनीं बुजविल्या. वसईचीं बावखलें कोणीं बुजविलीं? प्रथम पंप आला व राहाट थांबला. मग नळाचें पाणी आलें, आणि मुलांस वाटलें कीं, आतां तळ्याचें काय काम? शहर वाढत आलें. २००९ मध्यें वसई-विरार महानगरपालिका स्थापन झाली, आणि २०११ च्या जनगणनेंत त्या शहराची लोकसंख्या बारा लाखांच्या वर भरली. जमिनीचा भाव चढला. वांटण्या झाल्या. एका वांटेकऱ्यास पैक्याची नड होती, दुसरा परगांवीं होता, तिसऱ्यास डांसांची भीति वाटत होती. एके रात्रीं पाडलेल्या घरांची माती व विटांचे तुकडे घेऊन गाडी आली. कोणी कांहीं बोललें नाहीं. सकाळीं तळ्याचा एक कोपरा भूमि झाला होता.

त्याच वर्षांत गांवच्या गोड्या विहिरींतून टँकर भरभरून पाणी शहरास विकलें जाऊं लागलें. म्हणजे वरून मुरणारें पाणी बंद केलें आणि खालून उपसा वाढविला. मग कित्येक विहिरींचें पाणी खारट झालें, ह्यांत नवल तें काय? इसहाकाच्या विहिरी मत्सरानें बुजल्या, आमच्या विहिरी लोभानें व मौनानें बुजल्या. शत्रूनें टाकलेली माती काढणें सोपें आहे. आपल्या हातांनीं टाकलेली माती काढावयास आधीं मान लववावी लागते.

आणि पाण्यानेंही आपली जागा मागून घेतली. २०१८ च्या जुलै महिन्यांत वसईत मोठी अतिवृष्टि झाली. लोहमार्ग बुडाला, वीज गेली, मिठागरांतील लोक पाण्यानें वेढले गेले. महापुरास पुष्कळ कारणें असतात, व तीं सर्व बावखलांवर घालणें योग्य होणार नाहीं. परंतु पावसाचें पाणी पोटांत घेणारीं तळीं जेथें भूमि झालीं, तेथें तें पाणी घरांत शिरावें हें कोणासही समजण्यासारखें आहे.

कायदा काय करील?

कोणी म्हणेल, हें सरकारचें काम आहे. सरकारनें पाणथळ जागांसाठीं नियम केले आहेत हें खरें. परंतु २०१७ च्या केंद्रीय नियमांनीं मनुष्यांनीं पिण्याच्या पाण्यासाठीं खणलेलीं तळीं व सिंचनासाठीं केलेलीं बांधकामें त्या व्याख्येंतून वगळलीं आहेत. २०११ मध्यें सर्वोच्च न्यायालयानें गांवच्या सामायिक जमिनींवरील व तळ्यांवरील अतिक्रमणें हटविण्याविषयीं सर्व राज्यांस आज्ञा केली. पण बावखल बहुधा खासगी सातबाऱ्यावर असतें. म्हणजे कायद्याचें छत्र त्याच्यावर पुरतें येत नाहीं. बावखलाचा राखणदार कोण? ज्यांचीं नांवें त्या उताऱ्यावर आहेत तेच. म्हणून हा प्रश्न अदालतीच्या दारांतून फिरून पुन्हां आपल्या अंगणांत येतो.

इसहाकाकडून तीन धडे

पहिला धडा हा कीं, इसहाकानें नव्या विहिरींच्या आधीं जुन्या उकरल्या. आपणांस नव्याची हौस असते. नवें उद्यान, नवें कारंजें, त्यावर कोणाच्या तरी नांवाची फरशी. ह्यांस वर्गणी लवकर मिळते. बापजाद्यांनीं केलेलें काम माती काढून पुन्हां चालूं करण्यांत कोणाचें नांव होत नाहीं. पण पाणी कोठें आहे हें बापास ठाऊक होतें. आणि इसहाक इतका शहाणा होता कीं, त्यानें बापाच्या ज्ञानाचा मान राखिला. गेल्या कांहीं वर्षांत वसईतील तरुणांनीं जुनीं बावखलें साफ करण्याचें काम हातीं घेतलें आहे. त्यांच्या हातांतील घमेलें पाहून हा अध्याय आठवल्यावांचून राहत नाहीं.

दुसरा धडा नांवांचा. इसहाकानें जुनींच नांवें पुन्हां ठेविलीं. नांव म्हणजे स्मरण. ज्या तळ्यास नांव आहे, तें बुजवितांना हात कचरतो. ज्याचें नांव मुलांस ठाऊक नाहीं, तें 'ती पडीक जागा' होऊन जातें. आपल्या गांवांत किती विहिरी, किती तळीं, किती ओहोळ होते व त्यांस काय म्हणत, हें गांवच्या म्हाताऱ्यांस विचारून लिहून काढा. हें काम शब्बाथशाळेचीं मुलेंही करूं शकतील. आजी-आजोबा गेल्यावर तीं नांवें सांगणारा कोणी उरणार नाहीं.

तिसरा धडा भांडणाविषयींचा, व तोच सर्वांत कठीण आहे. इसहाकाच्या चाकरांनीं झऱ्याची विहीर खणली, तेव्हां गुराखी भांडूं लागले. त्यानें तिचें नांव एसेक, म्हणजे कलह, ठेविलें. दुसरी खणली, तिच्यावरूनही तंटा झाला. ती सितना, म्हणजे वैर. तो पुढें गेला व तिसरी खणली. तिच्यासाठीं कोणी भांडलें नाहीं, म्हणून ती रहोबोथ, म्हणजे ऐसपैस जागा. ह्याचा अर्थ अन्यायापुढें गप्प बसावें असा नव्हे. अबीमलेख भेटीस आला, तेव्हां इसहाकानें त्यास स्पष्ट विचारिलें कीं, तुम्हीं मला वैरभावानें घालवून दिलें, मग आतां कशाला आलां? वसईतही गेल्या शतकाच्या अखेरीस हरित वसईची चळवळ उभी राहिली, व लोकांनीं पाण्यासाठीं आणि झाडांसाठीं निर्भयपणें आवाज उठविला. तिचे एक अग्रणी कॅथोलिक धर्मगुरु फादर फ्रान्सिस दिब्रिटो हे होते. पुढें २०२० मध्यें उस्मानाबाद, म्हणजे आतांचें धाराशिव, येथें भरलेल्या ९३व्या अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलनाचे ते अध्यक्ष झाले, व २०२४ मध्यें निवर्तले. सत्य बोलावें, परंतु बोलून झाल्यावर कुदळ खालीं ठेवूं नये. इसहाक जर पहिल्या विहिरीच्या कांठीं जन्मभर तंटत बसता, तर रहोबोथ त्यास कधींच दिसती ना.

आणि ती ऐसपैस जागा कोणासाठीं? आपणांस वाटतें, केवळ आपल्यासाठीं. परंतु सृष्टीच्या पहिल्या अध्यायांत पाण्यानें जीवजंतूंनीं गजबजून जावें अशी आज्ञा मनुष्याच्या उत्पत्तीच्या आधीं झाली आहे. ती जागा त्यांस आधीं मिळाली; आपण मागाहून आलों. बावखल बुजविणें म्हणजे केवळ पाणी गमावणें नव्हे. आपल्या आधीं आलेल्यांस घराबाहेर काढणें होय.

काम कसें करावें

जेथें जेथें जुनें पाणी बुजलें आहे, तेथील मंडळ्यांच्या उपयोगासाठीं कांहीं गोष्टी सांगतों. प्रथम सर्व वांटेकऱ्यांस एकत्र बसवावें. कोणी म्हणेल, "माझा सहावा हिस्सा, मी एकट्यानें काय करावें?" त्यास सांगावें कीं, बुजविण्यासही एकाच्याच गाडीनें आरंभ झाला होता. काम फाल्गुनापासून वैशाखापर्यंत, पाणी उतरलें असतां करावें. प्लास्टिक, विटा व राडा काढावा; काळा गाळ मात्र वाडीस घालावा, तो खतासारखा आहे. सर्व तळें एकाच वर्षीं खरवडूं नये. एक कोपरा तसाच ठेवावा, म्हणजे कांसव, मासे व बेडूक तेथें आश्रय घेतील. दुसऱ्या वर्षीं तो कोपरा घ्यावा. जलपर्णी फुलण्याच्या आधीं उपटावी.

शोभेसाठीं तळास व कांठांस सिमेंट लावूं नये. सिमेंटानें पाणी मुरत नाहीं, व उभ्या भिंतीवरून कांसवास बाहेर येतां येत नाहीं. सांडपाणी येत असेल तर तें आधीं दुसरीकडे वळवावें, नाहींतर बाकीचें काम व्यर्थ होय. बाहेरचे मासे आणून सोडूं नयेत. डांसांचें भय वाटत असेल, तर हें ध्यानांत ठेवावें कीं, डेंग्यूचा डांस बहुधा घराजवळील पिंपें, कुंड्या व टायर ह्यांत सांचलेल्या पाण्यांत वाढतो. घाण झालेल्या तळ्यांत डांस होतात हें खरें, परंतु जिवंत तळ्यांत मासे व चतुरांचीं पिल्लें त्यांच्या अळ्या खाऊन टाकितात. आणि शेवटीं, पांखरें आणावयाचा खटाटोप करूं नये. पाणी स्वच्छ झालें कीं तीं आपण होऊन येतील. इसहाकानें पाणी निर्माण केलें नाहीं. त्यानें फक्त माती दूर केली.

देशावरील बंधूंनो, तुमच्याकडे बावखल नाहीं. पण बारव आहे, पाझर तलाव आहे, दगडांनीं भरलेली जुनी विहीर आहे. अहिल्यानगरजवळच्या हिवरे बाजार गांवानें पाणी हें सर्वांचें मानून पावसाच्या पाण्याचा दरवर्षीं हिशेब मांडला, शेतीसाठीं खोल विंधन विहिरींस बंदी केली, व उजाड झालेलें गांव पुन्हां उभें केलें. तेथेंही कोणी नवा समुद्र आणला नाहीं. जें पडत होतें तें राखिलें.

ह्या अध्यायाच्या शेवटीं एक लहानशी गोष्ट आहे. जे पूर्वीं वैरी होते ते इसहाकाच्या पंक्तीस जेवले, शपथ वाहून शांतीनें निघून गेले. आणि त्याच दिवशीं चाकर धांवत येऊन म्हणाले कीं, पाणी लागलें. समेट आणि पाणी एकाच दिवशीं आलीं. आपल्या गांवांत ज्या तळ्यावरून भाऊ भावाशीं बोलत नाहीं, त्या तळ्याची माती दोघांनीं मिळून काढावी. मग पाहा, तेथें काय काय परत येतें.

प्रार्थना : हे प्रभो, आमच्या वाडवडिलांस तूं पाणी दाखविलेंस आणि आम्हीं तें मातीनें झांकिलें, आम्हांस क्षमा कर. ज्या मुक्या जीवांस आम्हीं घराबाहेर काढिलें, त्यांस पुन्हां जागा देण्याची बुद्धि दे. आमच्या हातांस कुदळ धरण्याचें बळ, वांटेकऱ्यांस एकमत, आणि आमच्या लेंकरांस गोड्या पाण्याचा वारसा दे. आमेन.